कानाच्या गाठीची डिसॅबिलिटी पेन्शन आणि माझे गेलेले 45 हजार

मी आर्टिलरीतून 2022 ला हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. 24 वर्षं सर्व्हिस, त्यातली बरीचशी 105 एमएमच्या गनवर. शेवटी शेवटी डाव्या कानात सारखी शिट्टी वाजायला लागली, फोन त्या कानाला लावला की समोरचा काय बोलतोय कळेना, अंधारात चालताना झोक जायचा. सगळे म्हणले गनवाल्यांचं असतंच हे. पण आवाजाने सहसा दोन्ही कान कमी होतात आणि माझा एकच गेला होता, म्हणून एमओ साहेबांनी, म्हणजे लष्करी डॉक्टरांनी, एमआरआयला पाठवलं. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर गाठ निघाली, अकौस्टिक न्यूरोमा. कॅन्सर नाही, हळूहळू वाढते. पण कान गेला तो गेलाच.

रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे नोकरी सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, 30 टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढे लिहिलं "नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड". म्हणजे गाठ नोकरीमुळे झाली नाही आणि नोकरीमुळे वाढलीही नाही. झालं, डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शून्य. नकाराचं पत्र आलं, त्यात लिहिलेलं की सहा महिन्यांत अपील करा.

तेवढ्यात कॅन्टीनच्या लायनीत हा एजंट भेटला. स्वतःला माजी क्लार्क म्हणवतो, दोन-चार नियमांचे नंबर तोंडपाठ. बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि नेमका माझ्या डाव्या बाजूला बसला. गाड्यांचा आवाज, मला अर्धं ऐकूच येत नव्हतं, मी आपली मान हलवतोय. म्हणे तुमची अडचण एकच, गाठ गनच्या आवाजानेच झाली असं स्पेशालिस्टने लिहून द्यायला पाहिजे, आपला डॉक्टर आहे. पत्राचे 25 हजार, अपीलचे 20 हजार आणि एरियर्समधले (मागच्या थकबाकीतले) वीस टक्के. मला तरी वीसच ऐकू आलं, स्टॅम्प पेपरवर तीस होतं आणि मी न वाचता सही केली. वर म्हणे 2023 ला नवीन नियम आलेत, उशीर केला तर तुमचं बसणार नाही. खरं म्हणजे ते 21 सप्टेंबर 2023 पासून पुढे बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत, मी आधीच आलेलो. स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या पोर्टलचा, पासवर्ड पण मागत होता, पोरगा आडवा आला म्हणून तेवढं वाचलं.

डॉक्टरने मला बघितलं पण नाही आणि पत्र आलं. त्यात "राइट इअर". माझा डावा. पुढे लिहिलेलं सियाचीनला दोन वर्षं, मी तिकडे कधी गेलेलोच नाही. दुसऱ्याच कुणाचं पत्र, फक्त नाव बदललेलं. विचारलं तर म्हणे टायपिंग मिस्टेक, कोण वाचतंय. अहो माझं सगळं रेकॉर्ड लष्कराकडेच आहे, ते नाही वाचणार तर कोण?

मग व्हॉट्सअ‍ॅपवर स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो आला, अपील गेलं म्हणून. मी आठ महिने निवांत. शेवटी पोराने नंबर टाकून बघितला तर ते पाकीट भलत्याच गावात डिलिव्हर झालेलं. तोवर सहा महिने उलटून गेलेले.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिथं एक रुपया लागला नाही. तिथल्या साहेबांनी सांगितलं की आवाजाने ही गाठ होते असं ठामपणे कुणालाच सांगता येत नाही, अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणजे ते पत्र खरं असतं तरी केस त्याच्यावर उभी करण्यात अर्थ नव्हता. मुद्दा वेगळाच आहे. भरतीच्या वेळी तुम्ही फिट होता, आजाराची नोंद नव्हती, आणि बोर्डाने नकाराचं नीट कारण दिलं नसेल तर शंकेचा फायदा जवानाला, हे सुप्रीम कोर्टाने 2013 ला धरमवीर सिंगच्या केसमध्ये सांगितलंय. आणि मान्य झालं तर 30 चे 50 धरतात, ते 2014 च्या राम अवतारच्या निकालामुळे. 100 टक्क्याला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे 50 ला 15. हा पठ्ठ्या मला "शंभर करून देतो" म्हणत होता.

दहा रुपयांची आरटीआय नाशिकरोडच्या रेकॉर्ड ऑफिसला टाकली आणि माझे मेडिकलचे कागद मागवले. त्यात 1998 चं भरतीचं पान आलं, पिवळं पडलेलं, दोन्ही कानांपुढे "नॉर्मल". 25 हजारांच्या पत्रापेक्षा हे पान भारी. आता उशीर का झाला याच्या अर्जासकट मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या कोर्टात, केस टाकलीय, तारखा चालू आहेत.

परवा त्याचा परत फोन आला, अजून दहा हजार भरा, फाइल वर अडकलीय म्हणाला. मी फोन डाव्या कानाला लावला आणि चहा संपवला.