सुडोअर्सचे आठ महिने आणि एका टिंबाने खाल्लेली रात्र

लिनक्समधलं सुडो, म्हणजे ठरावीक कमांड दुसऱ्या खात्याच्या हक्काने चालवू देणारी सोय, आणि सुडोअर्स, म्हणजे तिचे नियम, यांचा हा माझा आठ महिन्यांचा अनुभव. गेल्या महिनाअखेरीला रात्री साडेनऊला फोन आला, तेव्हा मी डोंबिवली फास्टमध्ये होतो. ऑफिसात नव्याने लागलेल्या ताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "सर, क्लोजिंग होत नाहीये. पासवर्ड मागतोय, आणि टाकला की म्हणतो मी यादीतच नाही, याची तक्रार जाणार. माझ्यावर काही येईल का?"

मसजिद बंदरच्या आमच्या ऑफिसात दिवसाचा हिशेब बंद करणारी स्क्रिप्ट 'हिशेब' खात्याखालीच चालावी लागते, कारण डेटा फायली त्याच्याच मालकीच्या आहेत. पूर्वी त्या खात्याचा पासवर्ड चौघांना ठाऊक होता. आकडा चुकला की स्क्रिप्ट दोनदा कोणी चालवली, हे कधीच कळायचं नाही. सेटयूआयडी (फाइल तिच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) लावून पाहिला, पण लिनक्स स्क्रिप्टवर तो मानतच नाही. एका विक्रेत्याने वर्षाला पैसे भरायचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. सर्व्हरवर सुडो असताना त्यावर खर्च करणं मला पटेना. म्हणून चौघांना फक्त ती एक स्क्रिप्ट, फक्त 'हिशेब' खात्याच्या नावाने, नोपासवर्डने, म्हणजे पासवर्ड न विचारता, चालवू दिली. स्क्रिप्ट आणि तिचा फोल्डर दोन्ही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, मालकीचे ठेवले. फोल्डरमध्ये लिहिता येत असेल तर कोणीही स्क्रिप्ट बदलून ठेवील, मग नियमाला अर्थ उरत नाही.

लॉगमध्ये आता कोणी, किती वाजता, कोणती कमांड चालवली ते दिसतं. एवढ्यासाठीच मी पाचपैकी पाच तारे दिले असते. तारीख देता यावी म्हणून सुरुवातीला नियमात आर्ग्युमेंटच्या (कमांडपुढे लिहायच्या माहितीच्या) जागी स्टार (*), म्हणजे 'काहीही चालेल', ठेवला होता, तो मात्र दोन महिन्यांनी काढला. तो स्टार स्पेस आणि स्लॅशसुद्धा चालवून घेतो, हे मॅन्युअलमध्ये वाचलं आणि झोप उडाली. आता तिथे रिकामी अवतरणचिन्हं आहेत, म्हणजे एकही आर्ग्युमेंट चालत नाही.

आता ती रात्र. ताईंसाठी सुडोअर्स.डी या नियमांच्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल केली होती आणि तिला त्यांच्या लॉगिनचंच नाव दिलं होतं: नाव, टिंब, आडनाव. व्हीआयसुडो -सीएफ या नियम तपासणाऱ्या कमांडने तपासली, तर 'ठीक' म्हणाला. पण त्या फोल्डरातली नावात टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही. शेवटी टिल्ड (~) असेल तरीही नाही. इशारा नाही, एरर नाही, काही नाही. घरी पोचून साडेअकराला लॅपटॉपवरून टिंबाच्या जागी डॅश घातला आणि क्लोजिंग झालं. तोवर ताई ऑफिसात एकट्या बसून होत्या, शेवटची गाडी मिळेल की नाही या काळजीत.

त्या रात्री मी सुडोला शिव्या घातल्या. कारण वाचल्यावर राग निम्मा झाला: पॅकेज मॅनेजर आणि एडिटर मागे सोडतात त्या बॅकअप फायली चुकून नियम बनू नयेत म्हणून ही सोय आहे. ते योग्यच आहे. पण तपासायला दिलेली फाइल पुढे वाचलीच जाणार नसेल, तर 'ठीक' म्हणताना एक ओळ जास्त लिहायला काय हरकत होती? एक तारा मी यासाठीच कापतोय.

पैसे वाचवले म्हणून अपडेट टाळू नका. 2021 मध्ये उघड झालेली बॅरन समेडिट ही चूक 2011 पासून सुडोत होती, आणि तिच्यातून साध्या खात्याला थेट रूट मिळत होतं.

नवा नियम टाकला की मी आता फाइल तपासत नाही, माणूस तपासतो. रूटवरून सुडो -एल, मग मोठा -यू आणि खात्याचं नाव: त्या खात्याला काय चालवता येतं ते यातून दिसतं. ताईंच्या नावापुढे स्क्रिप्ट दिसली, तेव्हाच मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी निघालो.