जुना ग्रँडस्टँड सावरावा की नवं स्टेडियम बांधावं?

अमेरिकेतल्या लहान शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत इंजिनियर आणि आर्किटेक्ट पुष्कळ आहेत, आणि तिथल्या पालिकांना सल्लागार समितीवर असं कुणीतरी हवंच असतं. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. गावातलं मायनर लीगचं, म्हणजे खालच्या पायरीवरच्या व्यावसायिक स्पर्धेचं, बेसबॉल मैदान जुनं झालंय, संघ कुरकुरतोय, सर्वांत वरच्या मेजर लीगची नियमावली टेबलावर आहे. आता आहे तो ग्रँडस्टँड, म्हणजे प्रेक्षकांचा मुख्य स्टँड, दुरुस्त करायचा की दुसरीकडे नवं स्टेडियम उभं करायचं? मी स्ट्रक्चरल इंजिनियर. आमच्या गावच्या समितीवर असताना हाच निर्णय आमच्यापुढे आला आणि आम्ही दुरुस्ती निवडली. सध्या एका आर्किटेक्ट मित्राच्या गावात हीच चर्चा रंगली आहे. त्यानं विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इतक्या गावांत हा प्रश्न एकदम का आला, ते थोडक्यात. 2021 च्या हंगामापासून मेजर लीगनं मायनर लीगची सूत्रं स्वतःकडे घेतली, मेजर लीगच्या संघांशी संलग्न असलेले संघ 160 वरून 120 वर आणले आणि उरलेल्यांना सोयीसुविधांचे नवे निकष लावले. मोठं क्लबहाउस, पाहुण्या संघाची नीट सोय, छताखाली फलंदाजीचा सराव, व्यायामाची खोली, जेवणाची व्यवस्था, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी चेंजिंग रूम, चांगले दिवे. मागण्या अगदी रास्त आहेत. विशीतल्या पोरांनी स्टँडखालच्या ओल धरलेल्या खोल्यांत अख्खा हंगाम काढावा असं कुणीच म्हणणार नाही. पण बघा, निकषांचा भर आहे खेळाडूंच्या खोल्यांवर, आणि गावं पाडायला निघतात तो प्रेक्षकांचा स्टँड. ही गल्लत आमच्याही पहिल्या बैठकीत झाली होती आणि ती सुटायला बराच वेळ गेला.

नव्या स्टेडियमची बाजू कमकुवत नाही, हे आधी मान्य करतो. 1988 साली बफेलोमध्ये जुन्या धाटणीचं मैदान उभं राहिलं, आणि त्याचा आराखडा करणाऱ्या आर्किटेक्ट कंपनीचंच कॅम्डन यार्ड्स चार वर्षांनी बाल्टिमोरमध्ये उभं राहिलं. तिथपासून हा नवा साचा रुळला. 1995 चं डरहॅम घ्या किंवा 2009 चं फोर्ट वेनचं पार्कव्ह्यू फील्ड. अशा मैदानांत कॉन्कोर्स, म्हणजे फिरण्याचा आणि खाण्यापिण्याचा रुंद मार्ग, खुर्च्यांच्या मागे, वरच्या पातळीवर आणि मोकळा असतो. हॉट डॉगच्या रांगेत उभं राहूनही पिच, म्हणजे टाकलेला चेंडू, दिसतो. मैदानाभोवती पूर्ण चक्कर मारता येते, आउटफिल्डच्या गवती उतारावर लेकरं लोळतात, व्हीलचेअर थेट शेवटच्या ओळीपर्यंत येते. बायकांच्या स्वच्छतागृहांची संख्या येणाऱ्या गर्दीच्या हिशेबानं असते. जुन्या स्टँडमध्ये यातलं प्रत्येक काम भिंत फोडून करावं लागतं. नव्यात मधे एकही खांब नाही, तेव्हा कुठल्याही खुर्चीतून होम प्लेट, म्हणजे फलंदाजाची जागा, स्वच्छ दिसते. आराखडा बघताना मन वळतंच. आमच्या समितीतले निम्म्याहून जास्त सदस्य सुरुवातीला नव्याच्याच बाजूचे होते आणि त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

माझं मन फिरलं ते उन्हामुळे.

बेसबॉलचे नियमच सुचवतात की होम प्लेटपासून पिचरवरून (चेंडू टाकणाऱ्यावरून) दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा शक्यतो पूर्व-ईशान्येला असावी. हेतू हा की मावळतीचं ऊन फलंदाजाच्या पाठीशी राहावं. क्रिकेटची खेळपट्टी आपण उत्तर-दक्षिण ठेवतो तसाच हा विचार. फलंदाज सुटतो, पण कुणीतरी सापडतंच. आपल्याकडे ते पूर्वेच्या स्टँडमधल्या लोकांच्या वाट्याला येतं आणि इथं पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे होम प्लेटवरून बघता उजवीकडे, बसणाऱ्यांच्या. कागदावर रेषा ओढून बघा. पहिल्या बेसपलीकडच्या खुर्चीतून होम प्लेटकडे बघायचं म्हणजे पश्चिम-वायव्येला बघायचं, आणि जुलैत संध्याकाळी सातला उत्तरेकडच्या राज्यांत सूर्य जवळजवळ तिथंच असतो. सामना 7:05 ला सुरू होतो, सूर्य मावळतो साडेआठच्या आसपास. म्हणजे निम्मा सामना फलंदाज, त्याच्यामागचा कॅचर आणि सूर्य एका ओळीत.

नव्या स्टेडियममध्ये छप्पर असतं, पण ते कुणावर असतं ते पाहा. खांब नकोत म्हटल्यावर छत मागूनच पुढे झुकवावं लागतं, आणि असं छत जितकं लांब तितकं महाग. त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते कॉन्कोर्स आणि शेवटच्या दोन-चार ओळी झाकून थांबतं. आलिशान बॉक्सची इमारत होम प्लेटच्या मागे उभी राहते आणि पहिल्या बेसकडे यायच्या आत संपते. समितीतर्फे आम्ही आजूबाजूच्या राज्यांतली नवी मैदानं बघत हिंडलो. जिथं जाऊ तिथं मला एकच गोष्ट दिसली: तिसऱ्या बेसकडच्या खुर्च्या भरलेल्या, पहिल्या बेसकडच्या रिकाम्या, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांची तिकिटं घेतलेली माणसं कॉन्कोर्सच्या सावलीत बिअरचा ग्लास धरून उभी. एका ठिकाणी आमच्या पुढच्या ओळीत एक आजोबा स्कोअरकार्ड भरत होते. प्रत्येक पिचला कार्डाचीच झडप डोळ्यांवर धरायची, मग खाली घेऊन नोंद करायची, पुन्हा वर. तिसऱ्या इनिंगला त्यांनी पेन्सिल खिशात टाकली आणि ते उठून गेले. मोकळा कॉन्कोर्स लोकांना आवडतो असं जे सांगितलं जातं, त्यातला काही भाग तरी सावलीच्या ओढीचा असावा अशी माझी शंका आहे. मोजमाप माझ्याकडे नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

जुन्या ग्रँडस्टँडचं छप्पर वेगळं चालतं. ते पहिल्या बेसपासून होम प्लेटला वळसा घालून तिसऱ्या बेसपर्यंत सलग जातं आणि पुढच्या काही ओळी सोडल्या तर सगळ्यांच्या डोक्यावर असतं. पहिल्या बेसकडे संध्याकाळचं ऊन स्टँडच्या लांबीच्या दिशेनं येतं. म्हणजे ते तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी त्याला त्या लांबलचक पत्र्याखालून आणि होम प्लेटमागच्या वळणातून वाट काढावी लागते. बहुतेक वेळा ती मिळत नाही. आमच्या जुन्या स्टँडमध्ये आठव्या-दहाव्या ओळीत सातला बसलो की चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लव्हपर्यंत दिसतो. दुपारच्या सामन्यात तर विचारूच नका. आणि पाऊस आला की लोक घरी न पळता जागेवरच थांबतात.

याची किंमत म्हणजे खांब. पोलादी कैच्यांचं छप्पर कशावर तरी टेकायलाच हवं, आणि तो खांब नेमका कुणाच्या तरी डोळ्यांपुढे येणार. मी मुद्दाम खांबामागच्या जागांवर बसून सामने पाहिले. त्रास होतो, नाकारत नाही. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दिसेनासा होतो आणि मान डावी-उजवी करावी लागते. पण खांब हलत नाही. दुसऱ्या इनिंगपर्यंत त्याच्याशी जुळवून घेता येतं, शिवाय शेजारच्या खुर्चीवर सरकलं की तो सुटतो. उन्हातून सरकायला अख्खा विभाग सोडावा लागतो. अगदीच वाईट जागा आम्ही विक्रीतून काढून टाकल्या. त्यांची संख्या समितीला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळच कमी निघाली.

आता दुरुस्तीतली खरी अडचण. ती छतात नसते, पायाशी असते. वर्षानुवर्षं पायऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं आणि खांब जिथं काँक्रीटमध्ये शिरतो तिथं साचतं. रंगाचे थर इतके जाड असतात की बाहेरून सगळं ठणठणीत वाटतं. हातोडीनं ठोकलं की वीतभर उंचीपर्यंत गंजाचे पापुद्रे सुटून हातात येतात. त्याखालचं पोलाद किती शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. आमच्याकडे बहुतेक खांबांना खाली नव्या प्लेटा जोडून काम भागलं, थोडे पूर्ण बदलावे लागले. पण हे टेंडर काढायच्या आधी कळलं, कारण आम्ही आधीच फरशी फोडून प्रत्येक खांबाचं बूड उघडं केलं होतं. हे न करता दुरुस्तीचा आकडा जाहीर करणाऱ्या गावांची पुढे फार ओढाताण होते, आणि मग 'यापेक्षा नवं परवडलं असतं' हे वाक्य येतं.

खेळाडूंचं काय? त्यांच्यासाठी आम्ही स्टँडला हातच लावला नाही. उजव्या फाउल रेषेच्या टोकाला वेगळी, साधी, दोन मजली इमारत बांधली. खाली क्लबहाउस आणि सरावाचे बोगदे, वर व्यायाम आणि जेवण. डगआउटपर्यंत थोडं चालावं लागतं, एवढीच तक्रार ऐकू येते. मैदानाची माती, निचऱ्याचे पाइप आणि दिवे दोन्ही पर्यायांत नवेच करायचे असतात, म्हणून तुलनेत ते धरूच नयेत.

पैशाबद्दल फार ठाम बोलणं बरं नाही, प्रत्येक गावाचं गणित निराळं. तरी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचं उदाहरण लक्षात ठेवावं. तिथलं 1942 चं मॅकॉय स्टेडियम म्हणजे 1981 साली नऊऐवजी 33 इनिंग चाललेल्या सामन्याचं मैदान. पहिली ओळ डगआउटच्या वर इतकी उंच, की पोरं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून, दोरीनं खाली सोडायची आणि खेळाडूंच्या सह्या वर ओढून घ्यायची. 2017 च्या एका अभ्यासात त्याच्या नूतनीकरणाचा खर्च 6 कोटी 80 लाख डॉलर निघाला आणि त्याच जागी नवं बांधण्याचा 7 कोटी 80 लाख. शेवटी दोन्ही झालं नाही. संघ वूस्टरला गेला, तिथलं 2021 चं पोलर पार्क यातल्या मोठ्या आकड्याच्याही दुपटीच्या घरात गेलं, आणि मॅकॉयच्या जागेवर आता शाळा येते आहे. हार्टफर्डमध्ये तर नवं स्टेडियम वेळेत झालं नाही म्हणून संघानं 2016 चा अख्खा हंगाम परगावी खेळून काढला. दुरुस्ती मात्र टप्प्याटप्प्यानं करता येते. फ्लोरिडातल्या ब्रॅडेन्टनचं मैदान 1923 पासून तिथंच आहे. दिवे 2008 साली आले, आउटफिल्डमागचा लाकडी फिरता मार्ग 2013 साली. पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघानं करारबद्ध केलेले आपले भारतीय पिचर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल सुरुवातीला याच गावात घडले. गावानं पैसे येतील तसं काम केलं आणि संघही टिकला.

आणि नवं कायम नवं राहत नाही. बर्मिंगहॅमच्या बॅरन्स संघानं 1910 चं रिकवुड फील्ड सोडून 1988 साली उपनगरातल्या नव्या कोऱ्या मैदानात मुक्काम हलवला. पंचवीस हंगामांनंतर तेही सोडून 2013 साली तो शहराच्या मध्यात रीजन्स फील्डला आला. रिकवुड मात्र उभंच राहिलं, आणि जून 2024 मध्ये मेजर लीगचा सामना खेळवायला तेच निवडलं गेलं. सव्हानामध्ये पालिकेनं नवं बांधायला नकार दिला, तेव्हा 2015 नंतर संघ कोलंबियाला गेला. 1926 सालच्या त्या ग्रेसन स्टेडियममध्ये पुढच्याच वर्षी बनानाज नावाचा नवा संघ आला आणि तिकिटं मिळेनाशी झाली. प्रत्येक गावाचं नशीब तसं नसतं, पण जुनं मैदान म्हणजे संपलेलं मैदान हे काही खरं नाही.

तरीही काही ठिकाणी मी नव्यालाच हात वर करीन. तुमचा जुना स्टँड म्हणजे छप्पर नसलेल्या उघड्या काँक्रीटच्या पायऱ्या असतील, तर राखण्यासारखं त्यात काही नाही. खांबांचं बूड उघडल्यावर निम्म्याहून अधिक पोलाद गेलेलं दिसलं, तर हट्ट धरू नये. मैदान पुराचं पाणी येणाऱ्या जागी असेल तर मात्र घाई करू नका. डेव्हनपोर्टचं 1931 चं मैदान मिसिसिपीच्या काठावर आहे. 1993 च्या पुरात ते बुडालं, 2004 च्या नूतनीकरणात त्याला पूरभिंत मिळाली, आणि 2019 च्या पुरात चारी बाजूंनी पाणी असताना आत कोरडं राहिलं.

मित्राला मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. एक, खर्चाच्या तक्त्याआधी दोन्ही पर्यायांसाठी जुलैतल्या संध्याकाळी सातचं सावलीचं रेखाचित्र मागून घ्या, आणि त्यात पहिल्या बेसकडच्या किती खुर्च्या उन्हात येतात ते मोजायला लावा. दोन, खांबांची बुडं उघडून बघितल्याशिवाय समितीत मतदान घेऊ देऊ नका. नव्याच्या रेखाचित्रात पहिला बेस सावलीत आला, तर त्या आर्किटेक्टचं म्हणणं मनापासून ऐका. माझ्या पाहण्यात तसं रेखाचित्र अजून आलेलं नाही.