पाचपाखाडीतला ब्रोकर: काम चोख, फक्त तुमचा धंदा लपवून ठेवतो (3.5 स्टार)

नाव देत नाही, पण पाचपाखाडीत चौकशी केलीत तर कोणीही त्याचाच नंबर देईल. आम्हाला भाड्याने वन बीएचके हवा होता. मी एकांकिका आणि सिरीयलचे एपिसोड लिहितो, बायको बँकेत. फोटोतला फ्लॅट आणि प्रत्यक्षातला फ्लॅट एकच निघाला, ठाण्यात एवढ्यावरच एक स्टार द्यायला हरकत नाही.

पहिल्याच भेटीत म्हणाला, साहेब, लेखक वगैरे ओनरला सांगू नका, मॅडमची नोकरी पुढे करू. आणि माझ्यासमोरच स्कूटरवर टेकून मेसेज टाकला: मॅडम सरकारी बँक, पर्मनंट, सर घरूनच काम, नो पेट्स. राग आला, पण त्याचंही बरोबर आहे हो, ओनर मागतो तीन महिन्यांची सॅलरी स्लिप, आमच्यात स्लिप कुठली, पेमेंट येणार 90 दिवसांनी आणि मधेच सिरीयल बंद पडली की बोंबला, आणि रिटर्न दाखवावे तर एका वर्षी बरा आकडा, पुढच्या वर्षी निम्मा, ते बघून ओनर अजूनच घाबरतो.

त्याआधी आम्ही ब्रोकरशिवाय चराईत एक घर बघितलेलं, तिथे मी खरं काय ते सांगून टाकलं तर कमिटीने बोलावलं. तालमी घरी करता का, रात्री कोण कोण येतं, पिणं वगैरे असतं का, सगळं विचारून झालं, वर चहाही पाजला. निघताना एक काका म्हणतात, गणपतीत आमच्या मुलांचं एखादं नाटुकलं बसवून द्या की! फ्लॅट नाही दिला तो नाहीच.

आणि हे कुठे, तर ठाण्यात, जिथे तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे आणि गीतकार पी. सावळाराम नगराध्यक्ष होते. घोडबंदरकडचं नाट्यगृह काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं, पण ते निदान डेंटिस्ट तरी होते, त्यांना मिळाला असता फ्लॅट. नाटककार पाटीवर चालतो, शेजारी नको.

असो, सर्व्हिसचं बोलू. 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, अंगठे घ्यायला माणूस घरी आला, पोलीस व्हेरिफिकेशन त्यानेच करून दिलं. अ‍ॅग्रीमेंट बायकोच्या नावावर, मी फॅमिली मेंबर. रजिस्ट्रेशन करून घेणं कायद्याने ओनरची जबाबदारी, खर्च मात्र निम्मा आमच्या गळ्यात मारला, तो आधीच बोलून घ्या.

दीड स्टार कापला कारण त्याच्याकडची हवेशीर घरं त्याने दाखवलीच नाहीत, म्हणे ओनर खालीच राहतो, तुमचं कळेल. अरे मी टाइप करतो, ढोल नाही बडवत!

तरी लिहिणारे, चित्रं काढणारे, वाजवणारे कोणी असाल तर याच्याकडेच जा, निदान तोंडावर खरं सांगतो. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, घासाघीस चालत नाही, जीपे घेतो पण तोंड वाकडं करून.