टमी टकनंतरचे प्रेशर गारमेंट: नागपूरच्या उन्हाळ्यासकट वापराचा अनुभव

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर घालावे लागणारे प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला दाब देणारे ताणाचे वस्त्र, जितके घट्ट तितके चांगले, हा समज दुकानदारापासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या बोलण्यात आढळतो, आणि काही महिने ते अंगावर वागवल्यानंतर मला तोच सगळ्यात घातक वाटतो. दोन बाळंतपणांनंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकले होते आणि खाली त्वचेचा घोळ लोंबत होता. व्यायामाने त्यात फारसा फरक पडणार नाही असे स्पष्ट झाल्यावर हिवाळा सरता सरता मी नागपुरातच टमी टक (पोटाची सैल त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया) आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचे लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणे) करून घेतले. सासूबाईंना हे सारे ओळखीचेच वाटले. "आम्ही नाही का बाळंतपणानंतर लुगड्याची पट्टी करून पोट बांधायचो? चांगलं आवळून घे," असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. बाळंतपणानंतरचे पोट बांधणे आणि हे गारमेंट यांत मात्र एक मूलभूत फरक आहे, आणि तो फारसे कोणी समजावून सांगत नाही.

टमी टकमध्ये पोटाची त्वचा खालच्या थरापासून सोडवून खाली ओढतात आणि जास्तीची कापून टाकतात. त्यात त्वचेला संवेदना देणाऱ्या बारीक नसा तुटतात, त्यामुळे बेंबीपासून खालच्या टाक्यांपर्यंतचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. त्याच भागाचा रक्तपुरवठाही सुरुवातीच्या दिवसांत नाजूक असतो. म्हणजे जिथे दाब बेताचा असायला हवा, नेमके तिथेच तो जास्त झाला तरी आपल्याला कळत नाही. दुखत नाही, म्हणजे ठीक आहे, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. म्हणून डॉक्टरांनी घालून दिलेली सवय मी शेवटपर्यंत पाळली: सकाळ-संध्याकाळ चेन उघडून आरशासमोर त्वचा पाहायची. शिवणीची पुसट रेघ उमटली असेल आणि थोड्या वेळात जात असेल, तर काळजी नाही. खोल वळ, जांभळट डाग किंवा फोड दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काठाखाली दोन बोटे सहज शिरतील इतकी सैल आणि चालताना सरकणार नाही इतकी घट्ट, एवढीच कसोटी मी धरली.

आता हे घालायचे कशासाठी, तर सूज आटोक्यात राहावी, सुट्या झालेल्या थरांना एकमेकांशी टेकून बसायला मदत व्हावी आणि खोकताना-शिंकताना टाक्यांना आधार मिळावा. त्वचेखाली पाणी साठते, ज्याला सेरोमा म्हणतात, ते यामुळे टळते असे सर्रास सांगितले जाते. त्याचा पुरावा मात्र वाटतो तितका भक्कम नाही आणि सर्जन मंडळींतही त्याबाबत एकमत नाही. माझ्या सर्जननी ही गोष्ट न लपवता सांगितली होती, त्यामुळे माझ्या अपेक्षा बेताच्याच होत्या. आधार मात्र खरोखर मिळतो. पहिल्या आठवड्यात कंबरेत वाकून चालत असताना गारमेंट काढले की पोट हातात धरून ठेवावेसे वाटे.

गारमेंट दोन टप्प्यांत बदलावे लागते. पहिल्या टप्प्यातले ऐसपैस, हुक आणि चेन असलेले, समोरून उघडणारे आणि बाजूने ड्रेनच्या (जखमेत साठणारे पाणी वाहून नेणाऱ्या) नळ्या बाहेर काढता येतील असे असावे. सूज उतरल्यावर दुसरे, एक माप लहान आणि कापडाने जास्त दाब देणारे घ्यावे. हुकांच्या दोन-तीन रांगा असलेले गारमेंट घेणे शहाणपणाचे, कारण सूज कमी होत जाते तसतसे आतल्या रांगेवर जाता येते आणि लगेच नवीन घ्यावे लागत नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत पोटाचे साधे पट्टे ढिगाने मिळतात, पण पट्टा बसल्यावर वर गुंडाळला जातो आणि त्याची ती वळकटी नेमकी टाक्यांच्या वर रुतते. मांड्यांपर्यंत येणारे, खांद्यावर पट्ट्या असलेले आणि शौचालयासाठी खाली उघडे असलेले गारमेंट महाग पडते, परंतु पैसे तिथेच घालवावेत. मापाच्या बाबतीत एस, एम, एलवर विसंबू नये. छातीखालचा घेर, कंबर, नितंब आणि मांडी यांची मापे टेपने घेऊन तक्त्याशी ताडून पाहावीत. कंबर एका मापात आणि नितंब दुसऱ्या मापात येत असतील, तर मोठे घ्यावे. जांघेत काच पडला, तर पायांकडून वर येणारे रक्त अडते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा ती जागा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

पहिल्या अंघोळीविषयी एक सूचना महत्त्वाची वाटते. गारमेंट एकदम काढले की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. माझी जाऊ परिचारिका असल्याने तिने मला आधी खायला घातले, पलंगावर बसवून हुक एकेक करत उघडले आणि न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आलीच, पण बसलेली असल्याने निभावले.

आमच्याकडचा उन्हाळा हा या साऱ्यातला खरा अवघड भाग. लायक्रा आणि नायलॉनचे घट्ट विणलेले कापड एप्रिलपर्यंत सहन होते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला आणि नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की तेच कापड अंगाला चिकटून बसते. त्यात कूलरची हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही आणि काखेखाली, चेनीलगत घामोळे उठते. आतून बिनशिवणीची पातळ सुती बनियन घालणे हा सगळ्यात गुणकारी उपाय ठरला, मात्र ती दर वेळी हाताने नीट ताणून घ्यावी लागते, कारण तिची चुणीसुद्धा त्वचेवर रेघ उमटवते. पावडर मी टाकली नाही, टाक्यांजवळ तिचा चिखल होतो. डॉक्टरांनी तोवर दिवसाचे बारा तास पुरेत असे सांगितले होते, म्हणून दुपारचे तास मोकळे ठेवून रात्री आणि सकाळी घालत असे. ज्यांना तारीख निवडण्याची मुभा आहे त्यांनी दिवाळीनंतरची निवडावी, म्हणजे जास्तीत जास्त वापराचे आठवडे थंडीत निघून जातात.

जेवणाच्या बाबतीतही थोडी तडजोड करावी लागते. पोटभर जेवून गारमेंट चढवले की आंबट ढेकर येतात आणि छातीत जळजळ होते. थोडे थोडे, अनेकदा खाल्लेले बरे.

धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि हात. मशीन, ब्लीच आणि कडक ऊन यांनी कापडाचा ताण लवकर मरतो. नागपूरच्या उन्हात वस्तू तासाभरात वाळते, म्हणून गच्चीवर टाकण्याचा मोह होतो, पण सावलीत पंख्याखाली वाळवावे. दोन गारमेंट हवीतच. माझ्या पहिल्या गारमेंटच्या चेनीने सहाव्या आठवड्याच्या सुमारास दगा दिला, आणि पावती असूनही विक्रेत्याने अंतर्वस्त्र म्हणून ते बदलून दिले नाही. अटी विकत घेण्यापूर्वीच विचाराव्यात. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा येत नाही, म्हणून हा खर्चही खिशातूनच जातो, तो सुरुवातीलाच धरून ठेवावा.

परिणामाचे सांगायचे, तर संध्याकाळी पोट फुगल्यासारखे होणे तीन महिने चालूच होते आणि गारमेंट घातलेल्या दिवशी ते निश्चितपणे कमी असे. लायपोसक्शनच्या जागी हाताला लागणाऱ्या गाठी हळूहळू मऊ झाल्या; त्यात गारमेंटचा वाटा किती आणि काळाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. कंबरेला आकार मात्र गारमेंटने दिलेला नाही. तो शस्त्रक्रियेनेच आला, आणि जाहिरातींतले दावे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता मी ते फक्त अमरावती किंवा पुण्याच्या लांबच्या प्रवासात घालते. शेजारच्या एका बाईंचे ऑपरेशन ठरल्यावर त्यांनी माझे जुने मागितले होते, पण त्याचा ताण माझ्या अंगावरच संपलेला आहे आणि त्यांचे माप वेगळे आहे, म्हणून ते न देता त्यांना टेप घेऊन दुकानात सोबत नेले.