वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय नागपूरचा उन्हाळा: रायझन ५ ५६००जी वापरानंतरचा अनुभव

जीएसटीचे हिशेब, फोटोंची दुरुस्ती आणि अधूनमधून थोडे व्हिडिओ संपादन एवढ्या कामासाठी संगणक जोडायचा होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी मी निवडला. थंडीत सीताबर्डीहून सुटे भाग आणून जोडलेल्या या संगणकाने आता नवतपाही पार केला आहे.

यातल्या वेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच आपला वाटा घेते. त्यामुळे रॅम निवडतानाच ग्राफिक्सचा वेग ठरून जातो. दुकानदार १६ जीबीची एकच स्टिक पुढे करत होता, ‘दुसरी मग लावून घ्या ना भाऊ’ असेही म्हणाला. मी मात्र ८ जीबीच्या दोन घेतल्या. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेते, दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटांवर, लावल्या की हाच आकडा ५१.२ होतो. कुतूहल म्हणून एक स्टिक काढून पाहिली, तर कालपर्यंत सुरळीत चालणारा व्हिडिओचा प्रीव्ह्यू अडखळू लागला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लागू करणारा पर्याय, सुरू केल्याशिवाय रॅम पूर्ण वेगाने चालत नाही, हेही बघून घ्यावे.

उन्हाळ्यात या निवडीचा खरा फायदा कळला. प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे किती उष्णता बाहेर टाकावी लागेल याचा ठरलेला आकडा, ६५ वॅट आहे. आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड एकटेच १७० वॅटपर्यंत जाते आणि ती सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते. सोबत मिळालेला पंखा मे महिन्यात दुपारी आवाज करतो, पण संगणक एकदाही बंद पडला नाही. कॅबिनेट कुलरच्या झोतात मात्र ठेवू नये, कारण ओलसर हवेबरोबर धूळ आत जाऊन चिकटते. वीज गेल्यावर साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर काम जतन करून संगणक निवांत बंद करता येतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. एव्ही१ या नव्या प्रकारात दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय या ग्राफिक्समध्ये नसल्याने तो भार प्रोसेसरवर येतो, आणि ४के संपादनात दोन-तीन इफेक्ट लावले की वाट पाहावी लागते. नवे, जड गेम खेळणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. वर्षभरात कार्ड घ्यायचेच असेल, तर सरळ ‘जी’ नसलेला रायझन ५ ५६०० घ्यावा: त्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ ऐवजी ३२ एमबी आणि पीसीआयई (कार्ड जोडण्याचा मार्ग) ४.० आहे, फक्त त्यात ग्राफिक्स नसल्याने कार्ड येईपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. ५६००जी पीसीआयई ३.० वरच थांबतो, म्हणून पुढे त्याच्या जोडीला आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच लेनचे (माहितीच्या चारच वाटांचे) कार्ड टाळावे.

मदरबोर्डवरच्या लॅनबद्दल (तारेने नेटवर्क जोडण्याच्या सोयीबद्दल) तक्रार नाही. आवाजाच्या बाबतीत पुढच्या जॅकवर हेडफोनमध्ये बारीक खरखर येते, मागच्या जॅकवर येत नाही. त्यासाठी वेगळे साउंड कार्ड घेण्याची मला गरज वाटली नाही.