नेक डिसेक्शनला काय घ्यावं : अल्ट्रासोनिक की बायपोलर आणि सिल्क?

नेक डिसेक्शन म्हणजे कॅन्सरसाठी मानेतल्या लिम्फच्या गाठी काढणं. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं नव्यानं सुरू करणारे बरेच सर्जन विचारतात, अल्ट्रासोनिक मशीन आधी घेऊ का? मी दोन्ही वापरतो : अल्ट्रासोनिकही, आणि बायपोलर (फक्त दोन टोकांमध्ये करंट जाणारा चिमटा) व शीर बांधायचा सिल्कचा दोराही.

त्वचेचा फ्लॅप (पडदा) उचलायला मोनोपोलर कॉटरी, म्हणजे करंटनं कापणारी आणि रक्त थांबवणारी पेन्सिल, लागणारच. न्यूरोसर्जन कुशिंग आणि यंत्र बनवणारे बोव्ही यांनी ती 1926 मध्ये बोस्टनच्या ओटीत आणली, तिला अजून पर्याय नाही. फक्त खांद्याच्या स्नायूला जाणाऱ्या ॲक्सेसरी नर्व्हजवळ गेलं की रुग्णाचा खांदा उडतो, तिथे ती बाजूला ठेवावी.

अल्ट्रासोनिकचं कौतुक खरं आहे. ब्लेड सेकंदाला साधारण 55 हजार वेळा थरथरतं, शीर बंद करणं आणि कापणं एकाच दमात. रुग्णाच्या अंगातून करंट जात नाही, धूरही कमी. जिभेच्या स्नायूत तर हात झपाझप चालतो. फेशियल आर्टरी (चेहऱ्याची धमनी) मात्र मी तरीही सिल्कनंच बांधतो, मशीनवाले काहीही म्हणोत.

माझं गाडं अडतं ते गरम ब्लेडपाशी. पेडलवरून पाय काढला तरी ते काही सेकंद चांगलंच तापलेलं असतं. हातात हत्यार असलं की त्याच टोकानं गाठ जरा बाजूला सारायचा मोह होतो, आणि जबड्याच्या कडेखाली बरोबर तिथेच मार्जिनल मँडिब्युलर नर्व्ह असते. तिला चटका बसला की ओठाचा कोपरा वाकडा. म्हणून दर वेळी ओल्या गॉजवर टेकवा, थांबा, मग पुढे. वाचवलेला वेळ तिथेच जातो, निदान माझा तरी. काहींना याचं काहीच वाटत नाही, हेही सांगायला हवं.

त्यात हँडपीसचा खर्च. पुन्हा पुन्हा स्टरलाइज करून वापरलं की हँडपीसच्या पकडीतलं पांढरं पॅड झिजतं आणि पकड सैल होते.

बायपोलरचीही कटकट आहेच. टोकाला खपली चिकटते, चिमटा उचलला की तीही निघते आणि शीर पुन्हा वाहते. पॉवर कमी ठेवा, असिस्टंटला सलाईनचे थेंब सोडत राहायला सांगा, बरंच निभतं. नर्व्हच्या कडेला मला तरी तेच भरवशाचं वाटतं.

थायरॉइडच्याही बऱ्याच केसेस असतील आणि संस्था खर्च उचलत असेल, तर अल्ट्रासोनिक जरूर घ्या. नाहीतर आधी न चिकटणाऱ्या टोकांचा एक चांगला बायपोलर चिमटा घ्या. आणि काहीही वापरलं तरी मान बंद करण्याआधी बीपी नॉर्मलला आणून भूलतज्ज्ञांना व्हॅल्साल्वा द्यायला, म्हणजे फुफ्फुसातला हवेचा दाब थोडा वेळ वाढवून धरायला सांगा. दबून बसलेल्या शिरा तेव्हाच दिसतात, आणि डावीकडे खाली थोरॅसिक डक्ट (लिम्फची मुख्य नळी) गळत असेल तर तीही.