पगार बरा पण काम नकोसं: टिकायचं की सुटायचं?

मावसभाऊ परवा विचारत होता, हिंजवडीतली महिना दीड लाखाची आयटी सपोर्टची नोकरी सोडून ७० हजारांवर कॉलेजात शिकवायला जाऊ का. मी म्हटलं थांब, आधी दोन्ही मांडून बघू.

पैसा. ५० लाखांचं होमलोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, म्हणजे हप्ताच साधारण ४३,४००. ७० हजारातून तो गेला की उरले २६-२७, त्यात पोराची फी, पेट्रोल, किराणा, सगळं. इथे जुनी नोकरी जिंकते, वादच नाही. शिवाय त्याची ४ वर्षं ३ महिने झालीत, ५ झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. बेसिक ६० हजार धरला तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, जवळपास १ लाख ७३ हजार, ते सोडून जाणं मला तरी जड जाईल.

जीव. रात्री दोनला फोन वाजतो, हा बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसतो, सकाळी वहिनी बघते तर चहा तसाच, वर साय धरलेली. शिकवण्यात हे नाही, पेपर तपासायचा कंटाळा आहे म्हणा. पण वर्गातलं बोलताना त्याचा चेहरा बदलतो, ते कुठल्या हिशोबात बसवायचं?

परतीची वाट. आयटीत दोन वर्षं गॅप पडला की परत तोच पगार मिळणं अवघड, कॉलेजची दारं मात्र नेट-सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेल्याला नंतरही ठोठावता येतात.

म्हणून कर्ज मोठं आणि कमावणारा एकटाच असेल तर टिका, पण जादा पैसा कर्जात टाका, नवीन गाडीत नको. बायकोही कमावती असेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर सुटा. भावाला म्हटलं, नऊ महिने काढ, ग्रॅच्युइटी घे, मग दे राजीनामा.